कशात सारखे? लहान मुलांना उपमा शिकवताना

दुसरी-तिसरीच्या मराठीच्या वहीत ‘दुधासारखे पांढरे, मधासारखे गोड, वाऱ्यासारखे चपळ, गाईसारखे गरीब’ अशी यादी पुष्कळदा आढळते. मुले ती पाठ करतात, परीक्षेत रिकाम्या जागा भरतात आणि पूर्ण गुण मिळवतात. या सगळ्या खटाटोपात मुलाने स्वतः तुलना अशी एकदाही केलेली नसते. ती कोणीतरी फार पूर्वी केली आणि मुलाने तिची जोडी तेवढी लक्षात ठेवली. उपमा समजणे ही गोष्ट यापेक्षा निराळी आहे. दोन वस्तू समोर आल्या असता त्या नेमक्या कशात सारख्या आहेत, हे मुलाला सांगता येणे, आणि एखादी गोष्ट साध्या शब्दांनी सांगून पुरत नाही असे वाटले की तिच्यासाठी दुसरी योग्य वस्तू शोधता येणे, या दोन क्षमता आल्या की उपमा आली असे म्हणावे. म्हणून ‘कशात सारखे?’ हा प्रश्न शिकवण्याच्या केंद्रस्थानी असावा, असे माझे ठाम मत आहे.

मराठी व्याकरणात उपमेची चार अंगे सांगितली जातात. ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोहोंत समान असलेला गुण म्हणजे साधारण धर्म, आणि ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘समान’, ‘जसा-तसा’ असे तुलना दाखवणारे शब्द म्हणजे साम्यवाचक शब्द. ‘मे महिन्यात नाशिकच्या रामकुंडाजवळच्या दगडी पायऱ्या तव्यासारख्या तापतात’ या वाक्यात पायऱ्या हे उपमेय, तवा हे उपमान, तापणे हा साधारण धर्म आणि ‘सारख्या’ हा साम्यवाचक शब्द आहे. चारही अंगे हजर असल्यामुळे ही पूर्णोपमा झाली. बोलताना मात्र आपण इतके सविस्तर बोलत नाही. ‘पायऱ्या नुसत्या तव्यासारख्या झाल्या आहेत’ एवढेच म्हणतो आणि गाळलेले अंग ऐकणाऱ्याने भरून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतो. अशा उपमेला लुप्तोपमा म्हणतात आणि लहान मुलाची खरी अडचण इथेच सुरू होते. मोठ्या माणसाला अनवाणी तळव्यांना बसणारा चटका आठवतो, तर सहा वर्षांचे मूल स्वयंपाकघरातला तवा डोळ्यांसमोर आणते आणि पायऱ्या काळ्या आहेत, असा अर्थ लावते. त्या पायऱ्या खरोखरच काळ्या दगडाच्या असल्यामुळे त्याचे उत्तर चुकीचेही ठरवता येत नाही. तव्याचे गुण अनेक आहेत: तो काळा आहे, गोल आहे, लोखंडी आहे, चुलीवर ठेवल्यास तापतो. त्यांपैकी बोलणाऱ्याच्या मनात कोणता होता, हे वाक्याच्या संदर्भावरून ओळखावे लागते आणि ती निवड मुलाला कोणीतरी शिकवावी लागते.

प्रत्येक तुलना ही उपमा नसते, हा दुसरा मुद्दा शिक्षकांनी स्वतःशी स्पष्ट करून घ्यावा. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात आणि पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत आले की गळ्यापर्यंत, यावरून पुराचा अंदाज बांधतात. हेही एका गोष्टीची दुसरीशी तुलना करणेच आहे, पण ते मोजमाप आहे. ‘मोसंबे संत्र्यासारखे असते’ ही तुलनाही सरळ आहे, कारण दोन्ही फळे एकाच जातीची असून त्यांच्यात जवळजवळ सगळेच सारखे आहे. ‘मावळतीचा सूर्य संत्र्यासारखा दिसतो’ असे म्हटले की मात्र उपमा होते. सूर्य आणि संत्रे यांच्यात बाकी काहीही सारखे नसताना रंग आणि गोलाई एवढीच गोष्ट त्यांना जवळ आणते. उपमेचा आनंद या दूरच्या दोन वस्तू जवळ येण्यात आहे. स्टेला व्होस्नियाडू आणि अँड्र्यू ऑर्टनी यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की सरळ तुलना आणि दूरच्या वर्गातली तुलना यांतला फरक मुलांना चार वर्षांच्या सुमारास कळू लागतो. म्हणजे पहिलीत येणाऱ्या मुलाजवळ उपमेची पूर्वतयारी असतेच.

त्याच्याही आधी, दोन-तीन वर्षांचे मूल केळे कानाला लावून ‘हॅलो’ म्हणते किंवा डोक्यावर वाटी घालून टोपी म्हणून मिरवते. ही उपमेची पहिली चाहूल समजावी का, असा प्रश्न पालक विचारतात. त्याची एक चांगली कसोटी आहे: त्या वस्तूचे खरे नाव मुलाला ठाऊक आहे का, हे पाहावे. चंद्राला ‘चेंडू’ म्हणणाऱ्या मुलाला चंद्र हा शब्दच येत नसेल, तर त्याने हाताशी असलेला शब्द वापरला एवढाच त्याचा अर्थ. पण ‘हा चंद्र आहे’ हे माहीत असून ते त्याला चेंडू म्हणत हसत असेल, तर साम्य त्याने स्वतः पाहिले आहे. हे बोलणे अडवू नये, सुधारूही नये. ‘हो का? कसा काय चेंडू?’ एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

सगळी साम्ये मुलाला एकाच वयात दिसत नाहीत. डेड्रे गेंटनर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८८ मध्ये मांडलेले निरीक्षण या बाबतीत फार उपयोगी आहे. ‘ढग स्पंजासारखा असतो’ असे सांगून ‘कसा?’ म्हणून विचारले, तर लहान मुले दोन्ही गोल आणि मऊ असतात असे सांगतात. मोठी माणसे सांगतात की दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि नंतर सोडतात. लहान मुलाला वस्तूचे रूप दिसते, वय वाढते तसे वस्तूचे वागणे आणि तिच्या आतले संबंध दिसू लागतात. शिकवण्याचा क्रम त्यावरून ठरतो. रंग, आकार आणि स्पर्श आधी यावेत. मग चाल आणि आवाज. ‘वाघासारखा शूर’, ‘सशासारखा भित्रा’ असे स्वभावाचे गुण त्यानंतर. स्वभावाच्या बाबतीत घाई करू नये, याला आणखी एक आधार आहे. सॉलोमन अ‍ॅश आणि हॅरिएट नेर्लोव्ह यांनी १९६० मध्ये दाखवले की गोड, कठीण, थंड हे शब्द वस्तूंना नीट लावणारी लहान मुले ‘माणूस कठीण असतो का?’ असे विचारल्यावर गोंधळतात किंवा नाही म्हणतात. ‘त्याचे मन दगडासारखे आहे’ हे वाक्य पहिलीच्या मुलाला कळत नाही, त्यात त्याचा बुद्धिमांद्याशी किंवा आळसाशी काही संबंध नाही. त्या अर्थापर्यंत पोचायला त्याला अजून दोन-चार वर्षे हवी असतात.

आता प्रत्यक्ष शिकवणे कसे असावे, हे एका उदाहरणाने पाहू. नाशिकमध्ये फेब्रुवारी हा भर द्राक्षांचा महिना. तिसरीच्या वर्गात बाईंनी द्राक्षांचा एक घड आणि मूठभर बेदाणे आणले आहेत, असे समजा. प्रत्येक मुलाच्या एका तळहातावर द्राक्ष आणि दुसऱ्यावर बेदाणा आहे. आधी डोळे मिटून बोटांनी चाचपायचे, मग पाहायचे, वास घ्यायचा आणि शेवटी खायचे. या वेळी मुलांकडून उपमा मागायची नाही, नुसते शब्द मागायचे: टच्च, गुळगुळीत, थंड, चिवट, सुरकुतलेला, चिकट. फळ्यावर हे शब्द जमले की बाई विचारतात, “बेदाण्यासारखं आणखी काय असतं?” थोड्या शांततेनंतर एखादे मूल सांगते, “बाई, खूप वेळ पाण्यात खेळलं की माझी बोटं बेदाण्यासारखी होतात.”

इथे ‘शाब्बास’ म्हणून पुढे जाणे सोपे आहे, आणि पुष्कळ वर्गांत तसेच होते. पण खरा धडा याच क्षणी सुरू होतो. “कशात सारखी रे?” असे विचारल्यावर मूल सांगेल, “सुरकुत्या पडतात, तशा.” हे रूपाचे साम्य झाले. मग “कशात सारखी नाहीत?” असे विचारावे. कोणी म्हणेल, बोटे गोड नसतात. कोणी म्हणेल, बोटांना देठ नसतो. आणि एखादी मुलगी नक्की म्हणेल, “बेदाणा वाळल्यामुळे सुरकुततो, बोटं तर ओली झाल्यामुळे सुरकुततात. हे उलटंच आहे!” तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे आणि वर्गाने त्यावर थांबायला हवे. द्राक्षातले पाणी उडून जाते, आतला गर आकसतो, पण साल तेवढीच राहते. जास्त झालेल्या सालीला घड्या पडतात. बोटाचे काय होते? फार वेळ पाण्यात राहिल्यावर मज्जातंतूंच्या इशाऱ्याने बोटाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, आतला भाग किंचित लहान होतो, वरची कातडी मात्र तेवढीच राहते आणि तिला घड्या पडतात. बोटाचा मज्जातंतू तुटलेला असेल, तर कितीही वेळ पाण्यात ठेवले तरी त्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे वरवर दिसलेले साम्य आधी उलटे ठरले आणि आणखी खोल गेल्यावर पुन्हा खरे ठरले: दोन्हीकडे आतले आकसले आणि बाहेरचे तेवढेच राहिले. मुलाने गमतीने दिलेल्या उपमेत विज्ञानाचा एक पाठ दडलेला होता आणि तो ‘कशात सारखे?’ आणि ‘कशात सारखे नाही?’ या दोन प्रश्नांनी बाहेर आला. तिसरीच्या सगळ्याच मुलांना रक्तवाहिन्यांचा भाग समजेल असे नाही. समजला नाही तरी बिघडत नाही. साम्य तपासून पाहायचे असते आणि ते कुठेतरी संपते, एवढे त्यांना कळले तरी तास सार्थकी लागला.

दुसऱ्या प्रश्नाला मी पहिल्याइतकेच महत्त्व देतो. उपमा म्हणजे दोन वस्तू एकच आहेत असा दावा नव्हे, ही समज त्यातून येते. पुढे मुले रूपकापर्यंत पोचतात, जिथे ‘सारखे’ गळून पडते आणि उपमेय व उपमान एकच आहेत असे मानले जाते. आणि उत्प्रेक्षेपर्यंत, जिथे ‘जणू’ येतो आणि उपमेय हेच उपमान आहे की काय अशी कल्पना केली जाते. त्या सगळ्या वाटा याच समजेतून निघतात. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत आणि नंतरच्या साहित्यशास्त्रज्ञांनी ही यादी कितीही वाढवली तरी उपमेचे स्थान मुळाशीच राहिले, ते उगाच नव्हे.

तयार उपमांचे काय करावे? त्या टाकून द्याव्यात असे मी म्हणणार नाही. ‘लोण्यासारखे मऊ’ किंवा ‘कोल्ह्यासारखा धूर्त’ हे भाषेचे संचित आहे आणि मुलाला वाचनात ते पदोपदी भेटणार आहे. मात्र त्या उपमा देताना उपमान मुलाच्या अनुभवात आहे का, हे पाहावे. नाशिकच्या सातपूर किंवा सिडकोत वाढणाऱ्या मुलाने लोणी पाहिले असेल ते बहुधा फ्रीजमधले, म्हणजे घट्ट आणि गार. ‘लोण्यासारखे मऊ’ हे त्याला कसे पटावे? ताक घुसळून नुकताच निघालेला लोण्याचा गोळा त्याच्या बोटाला लागला, तर ती उपमा एका क्षणात उलगडेल. ज्या वस्तू मुलाच्या हाताखालच्या आहेत, त्यांच्यावरून मात्र ते बघता बघता स्वतः उपमा रचते: कांद्याच्या एकावर एक पाकळ्या, भांडीबाजारातल्या पितळेच्या घागरीचा आवाज, कारखान्याचा भोंगा, रंगपंचमीच्या रहाडीतले, म्हणजे रंगाच्या मोठ्या हौदातले, पाणी, पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर उतरलेले ढग, निफाडकडच्या नांदूरमध्यमेश्वरला चिखलात एका पायावर उभे राहणारे पक्षी. हॉवर्ड गार्डनर, एलन विनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपमा पूर्ण करायला दिल्यावर बालवाडीच्या वयातली मुले अनपेक्षित, ताज्या जोड्या देत होती, तर शाळेत रुळलेली मुले सर्वांना माहीत असलेल्या जोड्यांकडे वळत होती. शाळेने आपल्या परीने ही घसरण रोखावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी एक सोपा नियम पुरतो: वहीत आधीच असलेली उपमा चालेल, पण तिच्या शेजारी स्वतःची एक हवी.

तुलनेला दिशा असते, हेही मुलांच्या लवकर लक्षात आणून द्यावे. ‘गाल टोमॅटोसारखे लाल’ हे चालते, ‘टोमॅटो गालासारखा लाल’ हे विचित्र वाटते, कारण लाली हा टोमॅटोचा ठळक गुण आहे आणि गालाचा नाही. जो गुण दाखवायचा, तो उपमानात ठसठशीत असावा लागतो. दिशा मुद्दाम उलटवणारा प्रतीप नावाचा अलंकार आहे, पण तो या वयाचा विषय नाही. वाक्ये उलटसुलट करून पाहण्याचा खेळ मात्र मुलांना फार आवडतो.

मराठीत उपमा वापरताना मुले जिथे अडखळतात ती जागा बहुधा व्याकरणाची असते. ‘सारखा’ लावण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप करावे लागते: ससा–सशासारखा, कापूस–कापसासारखा, साखर–साखरेसारखी, पाणी–पाण्यासारखे. लहान मूल ‘ससासारखा’ म्हणते. शिवाय ‘सारखा’ उपमेयाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, उपमानाच्या नव्हे. ‘मुलगी सशासारखी पळाली’ म्हणताना ससा पुल्लिंगी असला तरी शब्द ‘सारखी’ होतो. ‘प्रमाणे’ बदलत नाही. क्रियेची तुलना करायची असेल तर तो सोपा पडतो: ‘माकडाप्रमाणे उड्या मारतो’. बोलताना झालेली चूक तिथल्या तिथे टोकू नये. मूल ‘ससासारखा’ म्हणाले, तर उत्तरात आपण ‘हो, सशासारखा पळाला खरा’ असे म्हणावे; योग्य रूप कानावर पडते आणि बोलण्याचा ओघही तुटत नाही. जिल्ह्यातल्या कित्येक मुलांच्या घरी अहिराणी किंवा आदिवासी बोली बोलतात आणि खेड्यापाड्यांतल्या मराठीत ‘वाघावाणी’, ‘माकडागत’ असे म्हणतात. या उपमा वर्गात बिनदिक्कत याव्यात. साम्य बोलीत पाहिलेले असले तरी ते तितकेच खरे असते, आणि ते ‘सारखा’ लावून लिहायला शिकवणे ही त्यानंतरची, तुलनेने हलकी पायरी आहे.

एका बाबतीत शिक्षकाने कडक असावे. माणसाच्या शरीराला उपमा देण्याची सवय आपल्याकडे फार आहे. रंगाला कोळसा, अंगाला हत्ती, उंचीला ताड अशा उपमा मुले मोठ्यांकडूनच उचलतात आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला त्या वर्षानुवर्षे चिकटतात. उपमेच्या तासाला दुसऱ्याच्या अंगावर उपमा द्यायची नाही, स्वतःच्या अंगावर द्यायला हरकत नाही, असे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. बेदाण्यासारख्या बोटांची उपमा चालते ती याचमुळे. ती ज्याने दिली त्याचीच ती बोटे होती. दुसऱ्याविषयी बोलायचे असेल, तर त्याच्या कृतीला उपमा द्यावी: तो कसा धावतो, ती कशी गाते, आजी पोळी कशी लाटते.

लेखनात उपमा आणायची वेळ तिसरी-चौथीत येते. तेव्हा मुले प्रत्येक वाक्यात ‘सारखे’ घालू लागतात आणि मोठ्यांना ते गोड वाटते, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. अशा वेळी मुलाकडून त्याचा परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा आणि प्रत्येक उपमेपाशी थांबून, ती काढली तर काय कमी होईल, असे त्यालाच विचारावे. ‘पाऊस पावसासारखा पडत होता’ हे वाक्य ते स्वतःच खोडेल. ‘पाऊस पत्र्यावर फुटाणे उडावेत तसा वाजत होता’ हे मात्र ठेवेल, कारण तो आवाज दुसऱ्या कोणत्या शब्दाने येत नाही, हे त्याला आतून कळलेले असते. ‘जोरात’ हा शब्द त्या आवाजाला पुरत नव्हता, म्हणून तिथे उपमा लागली.

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो आणि त्यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या या शहरातल्या शाळांना तो अधिकच जवळचा आहे. त्या दिवशी भाषणे पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक मुलाला स्वतः पाहिलेल्या एखाद्या वस्तूविषयी एकच उपमा एका चिठ्ठीवर लिहायला सांगावी आणि चिठ्ठीच्या मागे ती कशात सारखी आहे आणि कशात नाही, हे दोन ओळींत लिहवून घ्यावे. पहिली-दुसरीची मुले ते तोंडी सांगतील, बाईंनी लिहून घ्यावे. गुण द्यायचेच असतील, तर ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला द्यावेत. उपमेय, उपमान, साधारण धर्म ही नावे या वयात सांगायची गरज नाही. वरच्या इयत्तांत अलंकारांचा पाठ लागेल तेव्हा ती आपोआप आपापल्या जागी बसतील.